अर्धे-अर्धे म्हणजे नेमके किती? मुलांच्या खर्चाचा जुना-नवा हिशेब



आमच्या लहानपणी अलिबागच्या इस्राएल आळीत घटस्फोट हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. "तिचे तिकडे पटले नाही," एवढेच बायका ओसरीवर हळू आवाजात बोलत आणि आम्हा मुलांना पाहिले की विषय बदलत. आज दिमोना, बेर-शेवा, अश्दोद, लोद, रामले, कोठेही जा. लग्नाच्या हॉलमध्ये एका टेबलाभोवती आपली दहा माणसे बसली की त्यांत एखाद्याची मुलगी किंवा मुलगा विभक्त झालेला असतोच, आणि नातवंडे निम्मा आठवडा आईकडे व निम्मा बापाकडे राहत असतात. यालाच इकडे मिश्मोरेत मेशुतेफेत, म्हणजे समान ताबा, म्हणतात. पूर्वीची लाज गेली, हे बरेच झाले. पण एक प्रश्न मात्र घरोघरी ऐकू येतो: मुले निम्मी-निम्मी, तर खर्चही निम्मा-निम्मा असायला हवा ना?

ऐकायला हे सरळ वाटते. आम्ही चाळीसेक वर्षे मुलांना गणित आणि इतिहास शिकवला, तरी या प्रश्नाचे उत्तर आम्हीही एकदा चुकीचे दिले, आणि ते आमच्याच मुलीला दिले. त्या चुकीची हकीकत पुढे येईल. आधी हा हिशेब आपल्या लोकांत कसा सुरू झाला आणि आजच्या ठिकाणी कसा येऊन पोहोचला, ते क्रमाने पाहू.

उशा गावचा ठराव

हायफाजवळ किरयात अता गावाच्या शेजारी उशा नावाचे प्राचीन स्थळ आहे. त्याच नावाचा किबुत्झ आज तेथे आहे. बार कोखबाचे बंड इ. स. १३५ मध्ये मोडल्यावर आपल्या विद्वानांची सभा, म्हणजे सान्हेद्रिन, या गावी भरू लागली. देश उद्ध्वस्त झालेला, शेती गेलेली, विधवा आणि अनाथ पुष्कळ. अशा काळात उशाच्या सभेने एक ठराव केला: बापाने आपल्या लहान मुलामुलींना पोसले पाहिजे.

आजच्या वाचकाला नवल वाटेल की असा ठराव करावा तरी का लागला? कारण असे की कथुबेप्रमाणे नवऱ्यावर बायकोला पोसण्याचे बंधन स्पष्ट होते, पण मुलांना पोसण्याचे बंधन तितके स्पष्ट लिहिलेले नव्हते. आई घरात खाते, मुले तिच्याबरोबर खातात, असे गृहीत होते. घर मोडले की हे गृहीतही मोडते. तालमूदातल्या कथुबोथ या भागात या ठरावाची चर्चा आहे. तिचा शेवट असा की ठराव सक्तीने अमलात आणता येत नाही. मात्र जो बाप टाळाटाळ करील त्याला कावळ्याची उपमा देऊन चारचौघांत लाजवावे, आणि तो पैसेवाला असेल तर धर्मादायाच्या नियमाने त्याच्याकडून वसूल करावे. अगदी लहान मुलांची, म्हणजे सहा वर्षांच्या आतल्यांची, जबाबदारी मात्र बापाला टाळता येणार नाही.

कथुबोथमध्येच आणखी एक गोष्ट आहे. ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. घटस्फोट झालेल्या आईवर तान्ह्याला पाजण्याची सक्ती नाही. पण मूल तिला ओळखू लागले असेल आणि दुसरीचे दूध घेणार नसेल, तर तिने पाजावे, आणि बापाने तिला त्याचा मोबदला द्यावा. पाजणे हे काम आहे आणि कामाला मोल आहे, हे आपल्या शहाण्या लोकांनी त्या काळी ओळखले होते. मुलाचा खर्च म्हणजे नुसता बाजारहाट नव्हे, त्यात कोणाचा तरी वेळ जातो, हा विचार आजच्या कोर्टांत नव्याने येत आहे असे वाटते, पण तो जुनाच आहे.

सहा वर्षांची रेघ

पुढे बाराव्या शतकात रामबाम यांनी हे सारे नियम एका ग्रंथात नीट लावले. सहा वर्षांपर्यंत बापाने पोसायचेच. त्यानंतर मूल मोठे होईपर्यंत शहाण्यांच्या ठरावाप्रमाणे पोसायचे. न पोसले तर लाज, आणि ऐपत असेल तर धर्मादायाप्रमाणे वसुली. मुलगा सहा वर्षांपर्यंत आईजवळ, मुलगी त्यानंतरही आईजवळ. आईवर पैशाचे बंधन त्यांनी घातले नाही. हेही समजण्यासारखे आहे. त्या काळी जमीन, दुकान, धंदा पुरुषाच्या नावावर; बायकोच्या हातच्या कामाची कमाईसुद्धा नवऱ्याकडे जाई. जिच्या हाती काही नाही तिच्याकडे काय मागणार?

जाता जाता सांगतो, याच रामबाम यांच्या एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख आहे. शब्बाथ आणि सुन्ता एवढेच ते पाळतात, असा त्याचा आशय आहे, आणि तो आपल्याच पूर्वजांविषयी असावा असे काही इतिहासकार मानतात. तसे असेल तर गंमत अशी की रामबाम यांना आपली माहिती होती, पण त्यांचे ग्रंथ आपल्या कोकणातल्या तेल्यांपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक शतके जावी लागली. मग तोवर आपल्याकडे मुलांचा हिशेब कोण करीत होते?

अलिबागची मनीऑर्डर

आपल्याकडे तो मुकादम आणि पंच करीत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात समाजाच्या या जुन्या व्यवस्थेविषयी वाचायला मिळते. आम्ही मात्र पुस्तकाबाहेरची, डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

१९५८ च्या सुमारास आमच्या आळीत एक बाई दोन मुलांना घेऊन माहेरी परत आली. नवरा मुंबईला गिरणीत कामाला. गेत झाली होती की नाही, हे आम्हा मुलांना कळण्यासारखे नव्हते. एका शनवारी तफिल्यानंतर मोठी माणसे मशिदीच्या ओट्यावर बसून राहिली. मुंबईहून बापाला बोलावले होते. त्याने महिना पंधरा रुपये पाठवायचे कबूल केले. तेव्हा एका वयस्कर काकांनी विचारले, "पैसे पाठवशील, पण पोरांची फी कोण भरणार? नवियाच्या सणाला कपडे कोण शिवणार?" मग असे ठरले की फी त्याने परस्पर शाळेत भरावी, सणाचे कापड बाजारातल्या ठरलेल्या दुकानातून त्याच्या नावे उचलावे, आणि उरलेले मनीऑर्डरने यावेत. शिवायचे काम आईचे.

पोस्टमन कधी येई, कधी येत नसे. दोन वर्षांनी मनीऑर्डर थांबली. पंचांच्या हाती काय होते? लाज. चाळीस घरांच्या आळीत लाज चालते, पण मुंबईच्या चाळीत त्याला ओळखतो कोण? मग त्या मुलांच्या ताटात आळीतल्या सगळ्यांचा थोडा थोडा भात पडत गेला. उशाच्या विद्वानांनी ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती तीच ही: बाप सुटतो आणि मूल गावावर पडते.

इंग्रजी कायद्याचा दरवाजा उघडा होता, हे आम्हाला पुढे कळले. आपल्या समाजासाठी हिंदुस्थानात छापील घटस्फोट कायदा कधी झालाच नाही. परंतु १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ कलम होते. धर्म कोणताही असो, बाप मुलाला पोसत नसेल तर मॅजिस्ट्रेट त्याला दरमहा रक्कम द्यायला लावू शकत असे. आरंभी ही मर्यादा ५० रुपये होती, १९२३ मध्ये १०० झाली आणि १९५५ मध्ये ५००. पुढे १९७३ च्या नव्या संहितेत तेच १२५ कलम झाले. पण आळीतली बाई कोर्टाची पायरी कशी चढणार? वकील कोण देणार? कायदा होता, आणि त्यापर्यंत जायला वाट नव्हती.

१९४४ ते १९७२

आता इकडच्या देशाकडे वळू. ब्रिटिश मँडेटच्या काळात, १९२२ च्या राजाज्ञेने, लग्न, घटस्फोट, पोटगी हे विषय ज्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्यावर सोडले गेले. इस्राएल राज्य झाल्यावरही ही चौकट राहिली. म्हणून आजही यहुदी बापाच्या मझोनोतचा, म्हणजे मुलांच्या पोटगीचा, प्रश्न दिवाणी कोर्टात गेला तरी तेथला न्यायाधीश हलाखाच उघडतो. येथे आल्यावर आम्हाला हे प्रथम चमत्कारिक वाटले होते.

सहा वर्षांची रेघ विसाव्या शतकात टिकण्यासारखी नव्हती. सहा वर्षांचे मूल आता बापाच्या दुकानात बसत नाही, शाळेत जाते. १९४४ मध्ये मुख्य रब्बी हेर्झोग आणि उझिएल यांच्या वेळी रब्बींच्या परिषदेने ठराव करून बापाचे बंधन पंधरा वर्षांपर्यंत वाढवले. उशाला जे करता आले नाही ते येथे झाले: नैतिक गोष्ट सक्तीची झाली.

त्यानंतर राज्याचे कायदे आले. १९५१ मध्ये स्त्रियांच्या समान हक्काचा कायदा. १९६२ मध्ये पालकत्वाचा कायदा. त्यात आईबाप वेगळे राहत असतील तर सहा वर्षांच्या आतले मूल आईजवळ असावे, खास कारण असेल तरच उलट, असे कलम होते. आणि १९७२ मध्ये एक कायदा झाला, ज्याने आमच्या मते सगळ्यांत जास्त मुलांना जेवू घातले. कोर्टाने ठरवलेली पोटगी बाप देत नसेल, तर ठरावीक अटींवर बितुआह लेउमी ती आईला देते आणि नंतर बापाकडून वसूल करते. अलिबागच्या त्या बाईची आठवण आम्हाला या कायद्याच्या वेळी झाली. पोस्टमन आला नाही तरी मुलांना भात मिळेल, अशी ही पहिली व्यवस्था.

आपल्या घरांतही याच काळात एक बदल झाला, ज्याची नोंद कायद्याच्या पुस्तकात नाही. कोकणात आणि मुंबईत ज्या बायका क्वचितच पगारासाठी बाहेर पडल्या होत्या, त्या येथे येताच कामाला लागल्या. दिमोनाच्या कापड कारखान्यात, इस्पितळांत, बालवाड्यांत, लोकांच्या घरी म्हाताऱ्यांची सेवा करायला. पगार पुरुषांपेक्षा कमी, पण तो त्यांच्या स्वतःच्या हातात. "जिच्या हाती काही नाही तिच्याकडे काय मागणार," हे जुने कारण हळूहळू निम्मे खरे राहिले. निम्मे, पुरते नव्हे. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

२०१७ चा निकाल

बापही बदलले. आमच्या वडिलांनी आम्हाला कधी आंघोळ घातल्याचे आठवत नाही. आमचे जावई नातवाचे डायपर बदलत, डबा भरत, गानमध्ये सोडत. असे बाप विभक्त झाल्यावर निम्मा ताबा मागू लागले आणि त्यांना तो मिळू लागला. पण पोटगीचा नियम १९४४ चाच. म्हणजे मूल निम्मे दिवस बापाकडे जेवते, झोपते, तेथल्या विजेवर आंघोळ करते, आणि तरी बाप आईला पुरी पोटगी देतो. काही न्यायाधीश त्यात कपात करीत, काही करीत नसत. वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या कोर्टांत एकमत नव्हते. सरकारने २००५ मध्ये पालकांच्या जबाबदारीविषयी श्निट समिती नेमली आणि त्यानंतर पोटगीविषयी शिफमन समिती. दोन्हींनी अहवाल दिले. आई आणि बाप दोघांचे उत्पन्न आणि मुलांबरोबरचा वेळ पाहून हिशेब करावा, हा विचार त्यांतून पुढे आला.

शेवटी १९ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे बंधन आई आणि बाप दोघांवर सारखे आहे, असे त्यांनी ठरवले. धर्मादायाचा तो जुना नियमच त्यांनी हाती घेतला: ऐपत ज्याची, बंधन त्याचे, आणि ऐपत आता दोघांची असू शकते. सहा वर्षांच्या आतल्या मुलांची मूळ जबाबदारी बापावरच राहिली. उशाची रेघ अजूनही पुसलेली नाही.

वाचकहो, येथे एका शब्दावर बोट ठेवून थांबा. बंधन सारखे, असे कोर्ट म्हणाले. रक्कम सारखी, असे म्हणाले नाही. वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या तोंडी मात्र "आता अर्धे-अर्धे झाले" असेच आले.

फळ्यावरचे गणित

हा फरक समजावा म्हणून आम्ही जुन्या सवयीने खडू हातात घेतो. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत.

कोर्टात मुलाचा खर्च तीन भागांत मांडतात. पहिला, मूल जेथे असेल तेथे होणारा: जेवण, पाणी, वीज, सुट्टीची सहल. दुसरा, मूल कोठेही असो, एकदाच होणारा: कपडे, बूट, पुस्तके, फोन, केस कापणे. तिसरा, अधूनमधून येणारा मोठा: दातांची तार, चष्मा, शाळेची मोठी सहल, शिकवणी. घराचे भाडे वेगळे पाहतात.

समजा, हातात येणारे उत्पन्न बापाचे महिना १२,००० शेकेल आणि आईचे ८,०००. प्रमाण ६० ला ४०. मुलाचा पहिल्या प्रकारचा खर्च १,६०० आणि दुसऱ्या प्रकारचा ८००. एकूण २,४००. ताबा अगदी समान.

पहिल्या खर्चातले ८०० बापाच्या घरी आपोआप होतात, ८०० आईच्या घरी. दुसऱ्या प्रकारची सगळी खरेदी आई करते असे धरू. म्हणजे आईच्या खिशातून १,६०० जातात आणि बापाच्या खिशातून ८००. उत्पन्नाच्या प्रमाणात बापाचा वाटा २,४०० चे ६० टक्के, म्हणजे १,४४०. त्याने खर्च केले ८००. उरलेले ६४० त्याने आईला दरमहा द्यायचे. तिसऱ्या प्रकारचा खर्च येईल तेव्हा, ठरेल त्या प्रमाणात.

आता "अर्धे-अर्धे" म्हणणाऱ्यांचे गणित पाहा. ते म्हणतात, मूल निम्मे-निम्मे आहे, म्हणून कोणी कोणाला काही द्यायचे नाही. म्हणजे बाप ८०० वर मोकळा आणि आई १,६०० वर. ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा खर्च निम्मा, आणि जिचे कमी तिचा दुप्पट! दोघांचे उत्पन्न अगदी सारखे असते, तरीसुद्धा प्रत्येकी १,२०० यायला हवेत, म्हणजे बापाने ४०० द्यायलाच हवेत, कारण बूट आणि पुस्तके ती आणते. उत्पन्न सारखे, दिवस सारखे आणि खरेदीही सारखी असेल, तर उत्तर शून्य येते. हाच हिशेब उलटाही चालतो; आईचे उत्पन्न जास्त आणि खरेदी बापाच्या अंगावर असेल, तर तिनेच त्याला द्यायचे.

स्त्रियांच्या संघटनांनी निकालावर जी चिंता दाखवली ती येथेच होती. पगार सारखे नाहीत. ज्या बाईने मुले लहान असताना अर्धवेळ काम केले तिचा पगार विभक्त झाल्यावर एकदम वाढत नाही. आणि आणखी एक धोका: बितुआह लेउमी फक्त कोर्टाने लिहिलेली रक्कम देते. कागदावर शून्य लिहून सही केली, आणि उद्या बापाने आपली निम्मी खरेदी करायचे बंद केले, तर बितुआह लेउमी देणार काय? शून्य. आमच्या ओळखीत हे झाले आहे. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम, तारीख आणि खरेदी कोणाची, या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.

बुटाची गोष्ट

आता आमची चूक. मुलगी विभक्त झाली तेव्हा आम्ही उभयतांनी तिला ठासून सांगितले, "पंधरा वर्षांपर्यंत बापानेच द्यायचे असते. तू एक शेकेलही सोडू नकोस." आम्ही शिकलो होतो तो १९४४ चा नियम. २०१७ चा निकाल लागून गेला होता आणि आम्ही तो मथळ्यापुरताच वाचला होता. जावयांना त्यांच्या मित्रांनी सांगितले, "आता अर्धे-अर्धे, काही द्यायचे नाही." दोन्ही बाजू पूर्ण खात्रीने चुकीच्या. वर्ष गेले. वकिलांच्या फीत नातवाच्या दोन वर्षांच्या कपड्यांचे पैसे गेले.

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी नातू आमच्याकडे अश्दोदला आला. नऊ वर्षांचा. पाऊस होता. दारात बूट काढले तर मोजे चिंब, आणि एका बुटात प्लास्टिकची पिशवी घातलेली. तळ फाटला होता. केव्हापासून, म्हणून विचारले, तर म्हणाला, तीन आठवडे. "मग सांगितले का नाहीस?"

तो म्हणाला, "सब्बा, मागच्या वेळी ईमाने घेतले होते. आता आब्बाची पाळी. पण आब्बाच्या आठवड्यात पाऊस नव्हता."

त्या पोराने दोन घरांचा हिशेब आपल्या डोक्यात ठेवला होता. कोणाचे किती झाले, आता कोणाकडे मागितले तर भांडण होणार नाही, हे तो मोजत होता. आईला वाटले बूट बापाकडे आहेत, बापाला वाटले आई घेईल. दोघेही मुलावर जीव टाकणारे. त्यांच्यात पैशाची रक्कम ठरण्याचे राहिले होते, त्यापेक्षा बूट पाहायचे कोणी, हे राहिले होते. आणि "सोडू नकोस" म्हणणारे आम्ही, आमच्याकडे कोणी बोट दाखवले नाही, पण आम्हाला ते दिसले. त्या रात्री शब्बाथच्या टेबलावर आम्ही दोघेही फारसे जेवलो नाही.

२०१६ पासून अशा कज्ज्यांत कोर्टात दावा लावण्याआधी समेटाच्या बैठका घ्याव्या लागतात. त्या बैठकीत समाजसेविकेने दोघांना एकच कागद दिला आणि सांगितले, "गेल्या वर्षात मुलासाठी काय काय घेतले आणि दुकानात कोण गेले, ते लिहा." तेव्हा ते वकिलांच्या घाईत राहून गेले होते. बुटानंतर आमच्या मुलीने तोच कागद पुन्हा काढला आणि ती स्वतः जावयांशी बोलली. ठरले ते असे: खरेदी एकाच पालकाने पाहायची. कोर्टाच्या भाषेत त्याला मध्यवर्ती पालक म्हणतात. आमच्याकडे ती मुलगी आहे. दुसऱ्या एका घरात बाप आहे. जावयांची रक्कम दर महिन्याच्या १० तारखेला होराअत केवाने परस्पर जाते, मागावी लागत नाही. दातांसारख्या मोठ्या खर्चाआधी एकमेकांना विचारायचे. वर्षातून दोनदा, पेसाहनंतर आणि तिश्रीच्या सणांनंतर, वही उघडून मिटवायची. आणि मुलाने कोणाच्याही आठवड्यात, कशालाही, सरळ मागायचे.

रक्कम काय ठरली, ती आम्ही सांगत नाही. आम्ही तिला सोडू नको म्हटले होते त्यापेक्षा ती कमी आहे, आणि जावई देणार नव्हते त्यापेक्षा जास्त.

शेवटी

हे सगळे झाल्यावर आम्हाला अलिबागच्या मशिदीचा ओटा आठवला. त्या काकांनी रकमेनंतर लगेच विचारले होते: फी कोण भरणार, कपडे कोण शिवणार? आज कोर्ट ज्याला मध्यवर्ती पालक म्हणते, तोच प्रश्न त्यांनी पंधरा रुपयांच्या हिशेबात विचारला होता. त्यांच्याकडे वसुलीची ताकद नव्हती, पण प्रश्न बरोबर होता. आज ताकद आहे, आपण प्रश्न मात्र बहुधा अर्धाच विचारतो, "किती?" एवढाच.

समाजातल्या आजी-आजोबांना आमची विनंती आहे. आपल्या मुला-मुलींच्या घरात असा प्रसंग आला तर आपल्या काळचा नियम त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. तो बदललेला असतो. दोघांकडचा खर्च कागदावर लिहायला बसवा, लागले तर वही आपण विकत आणा. आणि सून असो की जावई, मुलासमोर त्या दुसऱ्या घराविषयी वाईट बोलू नका. आम्ही जावयांना अजूनही जावईच म्हणतो. गेल्या नवियाच्या सणाला चिकाचा हलवा केला तेव्हा दोन डबे भरले, एक मुलीकडे आणि एक त्यांच्याकडे. नातवाने दोन्ही डबे हातात धरून तोलून पाहिले आणि म्हणाला, "सारखे आहेत."